कोणते गडकरी?

सावनेर हे गाव बहुतेकांनी गाडीच्या काचेतून पाहिलेलं असतं. नागपूरहून भोपाळकडे निघालेला माणूस सावनेरला चहा पितो, छिंदवाड्याकडे निघालेला सावनेरला वळतो आणि जामसावळीच्या निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला निघालेला भाविक सावनेरला 'अजून किती राहिलं' म्हणून विचारतो. बैतूलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 47 आणि छिंदवाड्याकडे जाणारा 547 इथेच एकमेकांचा निरोप घेतात. शिवाय 547 ई नावाचा आणखी एक महामार्ग इथून धापेवाड्यावरून गोंडखैरीकडे निघतो. नागपूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या या तालुक्याच्या गावातून बाहेर पडायची इतकी उत्तम सोय झाली आहे, की आत शिरायचं कोणाच्या मनातच येत नाही.

म्हणून पुण्याचे एक निवृत्त काका भर मे महिन्यात मुद्दाम सावनेरला जायचं म्हणाले, तेव्हा नागपुरातल्या पुतणीने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"सावनेरला काय आहे काका?"

"गडकरी," काका म्हणाले.

"ते तर दिल्लीला असतात ना?"

काकांच्या मनात होते ते राम गणेश. नाटककार गडकरी, कवी गोविंदाग्रज आणि विनोदी लेखक बाळकराम, असे तिघेजण एकाच सडपातळ देहात राहत होते आणि तो देह 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला पडला. वय तेहेतीस. आजारपणात ते इथे भावाकडे आले होते आणि 'भावबंधन'चा शेवट लिहून झाल्यावर काही तासांतच गेले, असं सांगतात. महाराष्ट्राचं गीत लिहिणारा हा माणूस जन्मला बडोदे संस्थानातल्या नवसारीला आणि वारला मध्य प्रांतातल्या सावनेरला, म्हणजे दोन्ही खेपेला मुंबई इलाख्याच्या बाहेर. आज हयात असता, तर अधिवासाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रातल्या मुलाने त्याला 'महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा आणा' म्हणून परत पाठवला असता. आणि त्यावर बाळकरामांनी लिहिलं असतं. काकांचा सगळा मुद्दा हाच होता. ठकीच्या लग्नाच्या खटपटीवर आणि कवींच्या कारखान्यावर ज्याने इतकं लिहिलं, तो ओटीपीवर काय लिहिता, हे त्याच्या शेवटच्या गावी जाऊन पाहावं, म्हणून 'संपूर्ण बाळकराम' पिशवीत घालून ते निघाले होते.

जावईबापूंनी गाडी देऊ केली होती. पण गाडी 2017 ची. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवण्याचा हुकूम निघालेला आणि जावईबापू कायद्याला भिणारे. मुदत आधी 31 मार्च 2025 होती, मग 30 एप्रिल झाली, मग 30 जून. पुढे ती 15 ऑगस्ट, 30 नोव्हेंबर आणि 31 डिसेंबर अशी सरकत जायची होती, पण हे मे महिन्यात त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. पाटी बसवायची वेळ त्यांनी मोठ्या मिनतवारीने इंटरनेटवरून मिळवली होती आणि ती नेमकी त्याच सकाळी साडेदहाची होती. "काका, सावनेर कुठे जात नाही," ते म्हणाले. "ही वेळ मात्र गेली तर गेली."

मग ॲपवरून टॅक्सी बोलावली. मोबाइलच्या पडद्यावर एक इवलीशी गाडी गल्लीगल्लीतून काकांच्या दिशेने येऊ लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"सर, जाना कहाँ है?"

"ॲपमध्ये लिहिलंय ना. सावनेर."

"हाँ, लिखा तो है. पेमेंट कॅश या ऑनलाइन?"

"ऑनलाइन."

फोन बंद झाला. पडद्यावरच्या गाडीने चौकात तोंड फिरवलं आणि ती शांतपणे उलट्या दिशेला निघून गेली. पाठोपाठ ॲपने काकांनाच विचारलं, 'आपण प्रवास का रद्द केलात?' उत्तराचे पाच पर्याय होते. 'मी केला नाही' हा त्यांत नव्हता. काकांनी नाइलाजाने 'माझा बेत बदलला' यावर बोट ठेवलं आणि ते खरं करण्यासाठी गणेशपेठच्या बसस्थानकावर गेले.

लाल परी छिंदवाड्याची होती. खिडकीजवळ जागा मिळाली. काकांच्या पुढच्या दोन बाकांवर एक सहकुटुंब मंडळी होती आणि तिकीट काढण्याचा कार्यक्रम त्यांच्यापासून सुरू झाला. हा कार्यक्रम हल्ली पूर्वीसारखा 'दोन फुल, एक हाफ' इतक्यात उरकत नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर या वयात अर्धं तिकीट. 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं. बारा वर्षांखालच्या पोरांना पहिल्यापासूनच अर्धं. त्यामुळे कंडक्टरताईंच्या हातात यंत्र असलं तरी खरं काम वंशावळ तपासण्याचं आहे.

आजोबांचं वय अठ्ठ्याहत्तर, म्हणून माफ. सुनेचं अर्धं, नातवाचं अर्धं. आजी सत्तरीच्या. त्यांनी हिशेब आधीच करून ठेवला होता.

"म्हातारी म्हनून अर्धं आन बाई म्हनून अर्धं. मंग पाव द्या ना ताई."

"आजी, दोन अर्ध्यांचं एकच अर्धं असते. मशीनीत पाव नाई."

"मंग ह्यायले काहून माफ?"

"ते पंच्याहत्तरच्या वर हायेत."

"मीबी हावो. आधारवाल्या पोट्ट्यानं चुकोलं."

हे बहुधा खरं असावं. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, अशा अनेकांच्या आधार कार्डावर 1 जानेवारी पडली आहे. त्या दिवशी या बसमधल्या निम्म्या ज्येष्ठांना एकच केक पुरला असता. कंडक्टरताईंनी तारीख वाचली, आजींकडे पाहिलं आणि शासनाच्या बाजूने निकाल दिला. तोवर मागून एका बाईने सौंसरचं तिकीट मागितलं होतं. तिला सांगण्यात आलं, की सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत, तिथून पुढे मध्य प्रदेशातलं भाडं पूर्ण.

"म्हंजे हद्द पार केल्यावर मी बाई राह्यत नाई का?"

या प्रश्नाला यंत्रात उत्तर नव्हतं. सगळी बस हसली. कंडक्टरताईही हसल्या आणि त्यांनी पैसे मात्र पूर्ण घेतले.

शेवटी काकांची पाळी आली. वय चौसष्ट, पुरुष, स्वातंत्र्यसैनिक नाही, अधिस्वीकृतीधारक पत्रकार नाही, आमदार तर नाहीच. त्या कुटुंबातला बेचाळिशीचा मुलगा आणि काका, अशा दोघांचीच आसपासच्या बाकांवर पूर्ण तिकिटं निघाली. 25 जानेवारी 2025 ला एसटीने 14.95 टक्के भाडेवाढ केली होती आणि ती पूर्णच्या पूर्ण भरणारी ही जमात असल्यामुळे दोघांनी एकमेकांकडे बंधुभावाने पाहिलं. "आपल्यामुळं चाल्ली काकाजी ही गाडी," मुलगा म्हणाला.

गाडी मानकापूरकडे निघाली. नागपूरच्या मोठ्या चौकांत गेल्या काही उन्हाळ्यांत महापालिकेने सिग्नलपाशी हिरव्या जाळ्यांचे मांडव घातले, ही मूळची दयाळू कल्पना. तिचा परिणाम असा, की वाहनं आता पांढऱ्या पट्ट्यावर थांबत नाहीत, सावलीत थांबतात. सावली जिथे संपते तिथे वाहतुकीची शिस्त संपते. दिवा हिरवा झाला तरी जाळीखालचा पहिला स्कूटरवाला हलायला तयार नसतो, कारण पुढच्या चौकात जाळी आहे की नाही, याची त्याला खात्री नाही.

उन्हाचा विषय निघाला की नागपूरकराच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त असतो. 30 मे 2024 रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश तापमान नोंदवलं. जगाचा विक्रम अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, 1913 सालचा, 56.7 अंशांचा. म्हणजे नागपूरचं जगज्जेतेपद अवघ्या सात दशांशाने हुकलं होतं. नंतर हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचा खुलासा केला, तो पुष्कळ घरांत अजून मान्य झालेला नाही. काकांच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या मते संवेदक बरोबर होता, पुण्या-मुंबईच्या लोकांनी खाली आणला.

कोराडी आली. डाव्या-उजव्या अंगाला काय पाहावं, याचा इथे प्रश्न पडतो. जगदंबेचं देऊळ आहे, 2023 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उघडलेलं रामायण सांस्कृतिक केंद्र आहे आणि या सगळ्यांवर नजर ठेवून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आहेत. 660 मेगावॉटचे तीन संच एकट्या कोराडीला, आणि जरा पलीकडे खापरखेडा, तिथले 1340 मेगावॉट. इतकी वीज जिथे जन्म घेते, तिथल्या चहाच्या टपरीवर 'लाइट नाही, कोल्ड्रिंक थंड मिळणार नाही' अशी खडूने लिहिलेली पाटी होती. लाइट त्या दिवशी होती. पाटी पुसण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते, इतकंच.

पाटणसावंगीचा टोलनाका येतो तेव्हा फास्टॅगबद्दल बोलणं भागच असतं. 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला, गाड्यांनी नाक्यावर थांबू नये म्हणून. देशभरातल्या नाक्यांवर त्यानंतर एक नवं दृश्य दिसू लागलं. गाडी थांबते. काठीला लावलेलं यंत्र घेऊन एक मुलगा येतो आणि काचेला ओवाळतो. गाडी दोन हात मागे घेतात, पुन्हा पुढे घेतात, मुलगा पुन्हा ओवाळतो. मग अडथळ्याचा दांडा वर जातो आणि चालकाला सुवासिनीने औक्षण केल्याचं समाधान मिळतं. एसटीचा टॅग त्या दिवशी पहिल्याच खेपेला वाचला गेला, त्यामुळे बसमधल्या लोकांचं लक्ष बाहेरून पुन्हा आत आलं.

आत पाण्यावर चर्चा चालली होती. पाटणसावंगीला वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे इकडच्या बोलीत वेकोलि, हिने खाणीतलं पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरण्याचा कारखाना काढला आणि त्या पाण्याला 'कोल नीर' असं नाव दिलं. ऐकणाऱ्याला आधी थट्टा वाटते, पण यात शास्त्र सरळ आहे. जमिनीखालची खाण खोल जाऊ लागली की झऱ्यांचं पाणी आत भरतं आणि कोळसा काढायचा तर ते रोज उपसावंच लागतं. एरवी नाल्यात सोडायचं ते पाणी गाळून प्यायला दिलं, तर त्यात वाईट काय? वाईट काही नाहीच. काकांनी फक्त बसल्या बसल्या त्याची साखळी लावून पाहिली. जमिनीतून कोळसा निघतो, तो आसपासच्या वीज केंद्रांत जळतो, त्याची वीज होते, विजेवर पंप चालतात, पंप खाणीतलं पाणी उपसतात, म्हणजे आणखी कोळसा काढता येतो. या फेऱ्यात एका टोकाला जळणारी उष्णता आणि दुसऱ्या टोकाला तहान भागवणारी बाटली. मधल्या जागेत तालुक्यातली मंडळी डोक्यावर दुपट्टा गुंडाळून उभी.

काकांच्या स्वतःच्या पिशवीत हिमालयाचं चित्र असलेली वीस रुपयांची बाटली होती. ती कुठे भरली, हे त्यांनी चष्मा लावून बारीक अक्षरात वाचलं. हिमालयात नव्हे. पत्ता नागपूरच्याच एका औद्योगिक वसाहतीचा होता. बाटली त्यांनी पिशवीत जरा खोल सरकवली.

सावनेरला उतरल्यावर त्यांनी पहिलं काम शहाण्या माणसाचं केलं. तर्री पोहे खाल्ले. नागपुरी तर्रीवर टीका करायला जीभ शाबूत राहत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पोहेवाल्याला विचारलं, "गडकरी राहायचे ते घर कुठे आहे हो?"

"धापेवाडा," पोहेवाला क्षणात म्हणाला. "हा समोरचा रस्ता सरळ जाते. चौपदरी. इस मिनिटांत पोचसान."

त्याचं काही चुकलेलं नव्हतं. नितीन गडकरी यांचं वडिलोपार्जित घर धापेवाड्याचं. सावनेरहून तिकडे आणि पुढे कळमेश्वरवरून गोंडखैरीला जाणारा सुमारे 29 किलोमीटरचा चौपदरी महामार्ग 2022 मध्ये खुला झाला. धापेवाडा म्हणजे विदर्भाचं पंढरपूर. तिथे विठ्ठल आहे, चंद्रभागा नावाची नदीही आहे आणि आषाढी एकादशी आटोपल्यावर पौर्णिमेला खुद्द पंढरपूरचा पांडुरंग तिथे येतो, अशी श्रद्धा आहे. पूर्वी त्याला यायला त्रास व्हायचा. आता सिमेंटचा रस्ता आहे.

"ते नाही, राम गणेश," काका म्हणाले.

"त्यायचे भाऊ का?"

काका पानटपरीवर गेले. टपरीवाला खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून ती पन्नी लाकडी फळीवर घासत राहायची, ही विदर्भाची सर्वांत व्यापक हस्तकला. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 सालची आहे. गुटखा गेला, खर्ऱ्याला बरकत आली. खाणीच्या गावात तर त्याला भक्कम कारण आहे. जमिनीखालच्या कोळसा खाणीत विडी-काडी नेण्याची कायद्याने बंदी आहे, उतरण्यापूर्वी झडती होते. पेटवायची चोरी, म्हणून चघळायचं. तळीरामाने 'एकच प्याला'त आर्य मदिरा मंडळ काढलं होतं. तो आज सावनेरला असता तर आर्य खर्रा मंडळ काढून त्याने गल्लोगल्ली शाखा उघडल्या असत्या आणि दर शाखेला एक फ्लेक्स लावला असता.

फ्लेक्स खरोखरच लागायच्या बेतात होते. नितीन गडकरींचा वाढदिवस 27 मे आणि राम गणेशांचा 26 मे, हा योगायोग काकांना अगदी आयत्या वेळी आठवला. टपरीवाल्याला त्यांनी तो मोठ्या उत्साहाने सांगितला.

"मंग एकाच ब्यानरवर दोघायचा फोटो टाकून द्या ना," टपरीवाला म्हणाला. "खर्च वाचते."

शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या मुलाला काकांची दया आली. त्याने फोनमध्ये 'गडकरी सावनेर' असं बोलून पाहिलं. लोकार्पण आलं, भूमिपूजन आलं, उड्डाणपूल आला, निवडणुकीतली सभा आली. चौथ्या-पाचव्या झटक्याला पागोटं घातलेला, मिशीवाला एक चेहरा पडद्यावर आला आणि मुलगा एकदम उजळला.

"अरे, हे? हे तं आमाले पुस्तकात होते. कवी. यायच्यावर प्रश्न आला होता परीक्षेत."

"मग? काय लिहिलंस?"

"ऑप्शनले टाकला."

त्याने काकांना खुर्ची दिली आणि समोरच्या गल्लीतून एका निवृत्त गुरुजींना बोलावून आणलं. गुरुजींना सगळं ठाऊक होतं. तारीख, वार, आजार, भावबंधन, राजसंन्यास अपुरा कसा राहिला. भर दुपारी मोबाइलच्या दुकानात, चार्जर आणि काचांच्या कव्हरांच्या माळांखाली, दोन म्हातारे गडकऱ्यांच्या नाटकातल्या विसरभोळ्या गोकुळाच्या आठवणीने खदाखदा हसले. गोकुळ आपल्या विसरण्याला गाठी मारून ठेवायचा. गुरुजींनी आपलं पाकीट उघडून दाखवलं, त्यात एका चिठ्ठीवर पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड, विजेच्या बिलाचा पासवर्ड, गॅसचा पासवर्ड आणि या सगळ्या चिठ्ठ्या कुठे ठेवल्या आहेत, त्याची चिठ्ठी असा सरंजाम होता. दर नोव्हेंबरात त्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या खेपेला बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात, कारण चाळीस वर्षं खडू धरून रेषा झिजलेल्या. गुरुजी समोर उभे, आणि यंत्र म्हणतंय, पटत नाही. शेवटी डोळ्याचं बुबुळ दाखवून ते हयात ठरले.

"गडकरी साहेब बरे," गुरुजी म्हणाले. "त्यांना एकदाच मरावं लागलं."

पण हेही सर्वस्वी खरं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. 3 जानेवारी 2017 च्या पहाटे पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडला आणि मुठेच्या पात्रात टाकला. राग 'राजसंन्यास'मधल्या संभाजीराजांच्या चित्रणाचा. लेखक जाऊन अठ्ठ्याण्णव वर्षं झालेली, नाटक त्याच्या हातून पुरं झालेलं नाही, आणि शिक्षा मात्र पुरी. काकांना त्या प्रसंगातली एकच गोष्ट समाधानाची वाटत आली होती. इतक्या वर्षांनी कोणीतरी गडकरी वाचून चिडलं, अशी त्यांची समजूत होती. गुरुजींनी ती दूर केली. "वाचलं नसणार," ते म्हणाले. "फॉरवर्ड आला असणार."

त्यावरून विषय व्हॉट्सॲपकडे वळला. महाराष्ट्रात सकाळी सहा ते आठ या वेळात जो सुविचारांचा पूर येतो, त्यात पु. ल. असतात, व. पु. असतात, नाना पाटेकर आणि विश्वास नांगरे पाटीलही असतात, आणि त्यातलं बरंचसं यांच्यापैकी कोणीच बोललेलं नसतं. गडकऱ्यांच्या नावावर मात्र खोटं वाक्यसुद्धा फिरत नाही. गुरुजींच्या मते विस्मृतीत गेल्याची ही अधिकृत खूण. त्यांनी उपाय म्हणून स्वतःच एक सुविचार रचून खाली 'राम गणेश गडकरी' असं लिहून नातेवाइकांच्या गटात टाकला होता. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याकडे परत आला, खाली नाव नितीन गडकरींचं.

घर दाखवायचं गुरुजींनी कबूल केलं, पण संध्याकाळी. "आत्ता उन्हात नका निघू. तोवर खाण पाहून या पाहिजे तर."

कोळशाची खाण पाहायला जायचं, हे काकांना पटेना. पण सावनेर परिसराची ही खरीखुरी ओळख झाली आहे. वेकोलिने इथे खाणीच्या आवारात बाळ गंगाधर टिळकांच्या नावाने इको पार्क केलं आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या साथीने खाण पर्यटन सुरू केलं. सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची उघडी खाण, अशी ती सहल. देशातला असा पहिलाच प्रयोग म्हणून त्याचा तेव्हा गाजावाजा झाला. ज्या खाणीत उतरायला नको, म्हणून आईबापांनी पोरांना शिकवून पुण्याला पाठवलं, ती पोरं सुट्टीत आपल्या मुलांना घेऊन तीच खाण पाहायला येतात.

मोबाइलवाला मुलगा एका गटाबरोबर जाऊन आला होता. त्याला सगळ्यात काय आवडलं असेल, तर शिरस्त्राण.

"डोक्यावर हेल्मेट देतात काकाजी, पिवळं. एकदम मस्त फोटो येते."

"पण तू तर गाडीवर हेल्मेट घालत नाहीस." त्याची मोटारसायकल दाराशीच होती आणि आरशावर काही लटकलेलं नव्हतं.

"रोडवर कायले? वरून काई पडते का?"

या युक्तिवादापुढे काका गप्प झाले. अपघात वरून पडतो, समोरून येत नाही, ही त्याची श्रद्धा होती आणि तीन महामार्गांच्या गावात ती अढळ राहिली होती.

काका खाणीत गेले नाहीत. पण त्यांचा फोन गेला, असं म्हणायला हरकत नाही. सकाळी निघताना पुतणीने त्यांच्या मोबाइलवर 'लाइव्ह लोकेशन' चालू करून दिलं होतं, काळजीपोटी. दुकानातल्या कूलरसमोर काका गुरुजींबरोबर 'भावबंधन'च्या तिसऱ्या अंकात होते, त्या वेळी नागपुरात त्यांचा निळा ठिपका, नेटवर्कच्या लहरीनुसार, सावनेरच्या खाणीच्या हद्दीत सरकला आणि तिथेच दीड तास बसून राहिला. पुतणीने सात फोन केले. काकांचा फोन चार्जिंगला, आवाज बंद. आठवा फोन जावईबापूंनी पाटी बसवण्याच्या केंद्रावरून केला. ते सकाळपासून तिथेच होते. साडेदहाची वेळ मिळालेल्या लोकांचा साडेतीन वाजता नंबर येत होता.

"काका, तुम्ही खाणीत काय करताय?"

"मी दुकानात आहे."

"मोबाइल खाणीत दाखवतोय."

"मी सांगतोय ना, मी दुकानात आहे."

"मग एक फोटो पाठवा."

गुरुजींच्या हयातीच्या दाखल्याची गोष्ट ताजी असल्यामुळे काकांनी वाद घातला नाही. दोघांनी चार्जरच्या माळेखाली उभं राहून फोटो काढून घेतला, मुलाने तो पाठवला. पण पुतणी आता काही ऐकायला तयार नव्हती. अंधार पडायच्या आत परत या, असं तिचं फर्मान आलं. म्हणजे घर पाहायचं राहिलं. "पुढच्या 23 जानेवारीला या," गुरुजी म्हणाले. "थंडी असते. लोक घराबाहेर तरी पडतात."

परतीला आगगाडीचा विचार काकांच्या मनात होता. नागपूर-छिंदवाडा ही इकडची जुनी छोटी लाईन, अडीच फुटांची, डुलत डुलत जाणारी. 2015 च्या अखेरीस ती बंद झाली, रूळ रुंद झाले आणि 2021 मध्ये मोठ्या गाड्या सुरू झाल्या. छोट्या इंजिनांपैकी काही नागपूरच्या मोतीबागेतल्या संग्रहालयात आहेत. स्थानकावर चौकशी करावी तर दुकानातल्या मुलाने फोनमध्ये पाहून सांगितलं, की आत्ता इतवारीकडे गाडी नाही. तेव्हा काळी-पिवळी.

काळी-पिवळीत नऊ माणसांची जागा असते, हे आरटीओचं मत आहे. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसून बाकीच्यांची सोय करतो. काकांच्या मांडीवर कोणाची तरी कोथिंबिरीची पिशवी होती आणि त्यांच्या स्वतःच्या पिशवीतल्या बाळकरामांवर एक टरबूज. गाडी सुटताना गुरुजींनी खिडकीतून हात हलवून मोठ्याने सांगितलं, "गडकऱ्यांचं काम तेवढं लक्षात ठेवा!"

हे गाडीत सगळ्यांनी ऐकलं. पहिले पाच किलोमीटर कोणी काही बोललं नाही. मग समोरच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने सरकून काकांना जागा करून दिली. टरबूज उचललं गेलं. कोणीतरी विचारलं, "तुम्ही गडकरी सायबाकडले का जी?"

"नाही हो. मी राम गणेश..."

"असू द्या ना. राम गणेश तं राम गणेश. ओळख हाये ना?"

काकांना खोटं बोलवेना. पन्नास वर्षांची ओळख होती. ते म्हणाले, "ओळख जुनी आहे."

शेतकऱ्याने बंडीच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. वस्तीवरून महामार्गाला लागणारा दीड किलोमीटरचा तुकडा, पावसाळ्यात बैलबंडी रुतते, पोरांना शाळेत जाता येत नाही, तरी पक्का करून मिळावा, असा अर्ज होता. तारीख घातलेली नव्हती. योग्य माणूस भेटेल तेव्हा घालायची म्हणून कोरी ठेवली होती.

"अहो, पण ते आता..." काका म्हणाले आणि थांबले.

"बिझी असतीन, समजते आमाले. तुम्ही फकस्त हातात द्या." त्याने कागद काकांच्या पिशवीत, पुस्तकाच्या पानांत नीट सरकवून दिला. "आधारची झेरॉक्स जोडेल हाये. मोबाइल नंबर मागं लिवला हाये. आन काकाजी, ओटीपी आला तं कोनाले सांगायचा नाई म्हन्तेत, पन तुमाले मी सांगीन."